प्लेग, सिव्हिल आणि खानदेशी वस्ती

सुरत म्हटले की आपल्याला १६६४ ची स्वारी आठवते. पण खानदेशातील असंख्य घरांची चूल पेटती ठेवली ती यंत्रमागांच्या व रंगाई-छपाईच्या सुरतेने. भुसावळकडून येणाऱ्या रेल्वेने धुळे, नंदुरबार, जळगावची माणसे तेथे उतरली आणि उधना, लिंबायत, पांडेसरा येथे मराठी वस्त्या उभ्या राहिल्या.

या वस्त्यांचे आणि मजुरा गेटजवळच्या नव्या सिव्हिल रुग्णालयाचे नाते सप्टेंबर १९९४ मध्ये कसाला लागले. तापीचा पूर ओसरला होता, सखल भागांत घाण साचली होती, गणेशोत्सव नुकताच आटोपला होता. वेड रोड, कतारगाम परिसरातून तापाने फणफणलेले, रक्त ओकणारे रुग्ण सिव्हिलमध्ये येऊ लागले. 'प्लेग' हा शब्द फुटताच लाखो माणसांनी शहर सोडले. अनेक खासगी दवाखान्यांना कुलपे लागली. सिव्हिल मात्र उघडे राहिले.

तरीही कित्येक रुग्ण वॉर्डातून पळाले व पोलीस पहारा बसवावा लागला. त्यांना केवळ अडाणी म्हणून मोकळे होता येणार नाही. रोजंदारी बुडते, जिवाभावाचे माणूस जवळ राहू देत नाहीत. अशा वेळी रुग्णालय तुरुंगासारखे भासते. वास्तविक टेट्रासायक्लिनसारखे स्वस्त औषध वेळीच मिळाले, तर हा रोग बरा होतो. देशातील मृतांचा सरकारी आकडा पन्नासाच्या थोडा वर राहिला. भीतीचे थैमान मात्र त्याहून कितीतरी मोठे होते.

१८९७ मध्ये पुण्यातही सक्तीच्या घरझडतीने असाच अविश्वास पेरला होता. त्याच वर्षी सावित्रीबाई फुले मुंढव्याच्या दलित वस्तीतील आजारी मुलाला पाठीवर घेऊन डॉ. यशवंतांच्या दवाखान्यात पोहोचल्या आणि त्याच साथीत गेल्या. दवाखाना वस्तीपर्यंत चालत गेला की विश्वास आपोआप येतो, हे त्यांनी दाखवून दिले.

सुरतेने हा धडा उशिरा, पण नीट गिरवला. १९९५ मध्ये आयुक्त एस. आर. राव यांनी अधिकाऱ्यांना रोज सकाळी वस्त्यांत उतरवले. गटारे, कचरा आणि तापाच्या रुग्णांची दैनंदिन नोंद सुरू झाली. पुढे महापालिकेने सहारा दरवाजाजवळ स्वतःचे वैद्यकीय महाविद्यालय व रुग्णालय उभारले.

आपण द्विभाषिक मुलखातील माणसे. कचेरीत परभाषा चालवून घेता येते. छातीतली कळ मात्र मायबोलीतच सांगता येते. खाटांच्या संख्येबरोबर रुग्णालयाने शेजारच्या वस्तीची भाषा आणि तिची रोजंदारीही ओळखली, तरच पुढच्या साथीत माणसे पळणार नाहीत.