बिठूरचे पेन्शन आणि माल्टाचे बंदर

गेल्या संक्रांतीला आमच्या मंडळातल्या एका जोडप्याने जाहीर केले, "आम्ही रिटायर झालो की माल्टाला जाणार!" क्षणभर सगळ्यांचे तिळगूळ हातातच राहिले. फ्लोरिडा समजू शकतो. पुण्यात फ्लॅट घेऊन ठेवणारे तर घरटी एक सापडतील. पण माल्टा? मग त्यांनी माहिती पुरवली. भूमध्य समुद्रातले चिमुकले बेट, लख्ख ऊन, माल्टीजबरोबर इंग्रजीही राजभाषा, 2004 पासून युरोपियन युनियनमध्ये, आणि मुख्य म्हणजे ड्राइव्ह-वेवरचा बर्फ उपसायला नको. या शेवटच्या मुद्द्यावर बरीच मते फिरली.

तेवढ्यात चहाचे कप गोळा करता करता एका काकूंनी विचारले, "आणि ह्यांना काही झालं, तर तिथे मला पेन्शन मिळेल का?"

हसणे थांबले. मला मात्र एकदम बिठूर आठवले. नेमका हाच प्रश्न घेऊन दीडशेहून अधिक वर्षांपूर्वी एक माणूस लंडनला गेला होता, आणि परतताना चक्क माल्टाला पोचला होता!

पेन्शन घेऊन परमुलखात राहायला गेलेला सर्वांत मोठा मराठी माणूस म्हणजे दुसरा बाजीराव. जून 1818 मध्ये तो सर जॉन माल्कमच्या स्वाधीन झाला. दख्खनवरचा हक्क कायमचा सोडायचा, उत्तरेत एखाद्या तीर्थक्षेत्री राहायचे, आणि त्या बदल्यात 'स्वतःच्या व कुटुंबाच्या' निर्वाहासाठी वर्षाला किमान 8 लाख रुपये घ्यायचे, असे ठरले. कानपूरजवळ गंगेकाठचे ब्रह्मावर्त, म्हणजे बिठूर, ही जागा मुक्कामासाठी ठरली. शनिवारवाडा गेला, पण मागोमाग आश्रित, भिक्षुक आणि कारकुनांचे असे लटांबर आले की बिठूरला एक छोटे पुणेच वसले. (परदेशात चार मराठी घरे जमली की मंडळ निघते, ही आपली जुनीच खोड असावी.)

माल्कमने कबूल केलेली रक्कम गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जला फार वाटली होती. पण बाजीरावाची प्रकृती तोळामासा, वयाची चाळिशी उलटलेली. हा काही फार दिवस काढायचा नाही, असा कंपनीचा हिशेब. आजच्या इन्शुरन्स कंपन्याही असेच आडाखे बांधतात. पण बाजीराव त्यानंतर तब्बल 32 वर्षे जगला! अडीच कोटींहून अधिक रुपये वसूल करून 28 जानेवारी 1851 रोजी तो वारला. लढाईत कधी जमले नाही ते या गृहस्थाने पेन्शनीत करून दाखवले, असे म्हणण्याचा मोह होतो.

खरी फजिती पुढे झाली, आणि ती त्याची नाही, मागे राहिलेल्यांची. करारात 'स्वतःच्या व कुटुंबाच्या' असे शब्द होते. त्याच्यानंतर काय, याचा स्पष्ट उल्लेख नव्हता. बाजीरावाने 1827 मध्ये कर्जतजवळच्या वेणगावचा धोंडोपंत, म्हणजे नानासाहेब, दत्तक घेतला होता आणि मृत्युपत्रात त्याला वारस नेमले होते. डलहौसीने पेन्शन बंद केले. पेन्शन वंशपरंपरागत नाही, बाजीरावाने मागे ठेवलेला पैसा कुटुंबाला पुष्कळ आहे, असे उत्तर मिळाले. लंडनच्या डायरेक्टरांनीही तेच कायम केले. राज्य सोडल्याचा मोबदला म्हणून ही रक्कम होती, मग राज्य तुमच्याकडे राहते आणि मोबदला मात्र थांबतो कसा, हा नानासाहेबांचा मुद्दा आजही बिनतोड वाटतो. पण कागदावर नसलेली गोष्ट समोरच्याच्या मर्जीवर राहते.

नानासाहेबांनी 1853 मध्ये अजीमुल्लाखानाला वकील म्हणून विलायतेला धाडले. दुष्काळात अनाथ झालेला, कानपूरच्या मिशनरी शाळेत वाढलेला हा देखणा तरुण उत्तम इंग्रजी बोलत असे. लंडनच्या दिवाणखान्यांत त्याचे स्वागत झाले, काम मात्र झाले नाही. 1855 मध्ये तो हात हलवत परत निघाला आणि माल्टाला पोचला. तिथे त्याला बातमी कळली की 18 जूनला सेबास्तोपोलवरचा इंग्रज-फ्रेंचांचा हल्ला रशियनांनी परतवून लावला. मायदेशाची वाट सोडून तो कॉन्स्टँटिनोपलला गेला, आणि तिथून क्रिमियाच्या रणांगणावर. इंग्रजांना मागे हटवणारे हे रुस्तुम आहेत तरी कोण, ते त्याला पाहायचे होते! 'टाइम्स'चा बातमीदार रसेल त्याला तिथे भेटला, आणि ही हकिकत त्यानेच आपल्या डायरीत लिहून ठेवली आहे.

नाकारलेले पेन्शन आणि माल्टात कळलेली ती बातमी यांचा 1857 शी किती संबंध, यावर इतिहासकार भांडोत. एकट्या पेन्शनसाठी एवढा वणवा पेटला, हे मला पटत नाही. पण 1857 च्या डिसेंबरात इंग्रज फौजेने बिठूरचा वाडा उद्ध्वस्त केला, एवढे खरे.

काकूंचे उत्तर त्या मानाने सोपे निघाले. अमेरिकन नागरिकाला सोशल सिक्युरिटी बहुतेक देशांत मिळते, माल्टात आणि भारतातही. पूर्ण निवृत्तीच्या वयाच्या विधवेला स्वतःच्या रकमेऐवजी नवऱ्याची मोठी रक्कम घेता येते. पण नागरिकत्व न घेतलेल्या जोडीदाराला परदेशात नियम वेगळे लागतात. त्या नात्याने अमेरिकेत पाच वर्षे राहिल्याची अटही सहसा पुरी करावी लागते. मेडिकेअर तर देशाबाहेर जवळजवळ निरुपयोगीच.

काकूंनी अजून ग्रीन कार्डच ठेवले आहे. भारताचा पासपोर्ट सोडवत नाही म्हणतात. माल्टावाल्या वहिनींचेही तसेच आहे, हे त्या दिवशी पहिल्यांदाच कळले. जोडपे घरी निघाले तेव्हा ब्रोशर टेबलावरच राहिले होते, आणि गाडीत बसता बसता वहिनी विचारत होत्या, "नागरिकत्वाच्या अर्जाला हल्ली किती दिवस लागतात हो?"