दोन थडगी आणि एक संसार

परदेशात संसार मांडणाऱ्या कुटुंबांविषयी मराठीत लिहिले गेले ते बहुधा एकाच दिशेने. १८८३ मध्ये आनंदीबाई जोशी अमेरिकेला गेल्या. त्यांची नऊवारी, त्यांचा शाकाहार, तिथली थंडी यांचे तपशील आपण आजही आस्थेने वाचतो. उलट दिशेने आलेल्या आणि आपल्या मुलखात आयुष्य काढलेल्या परक्या माणसाच्या चुलीकडे मात्र आपले लक्ष जात नाही. त्याला आपण साहेब ठरवतो, नाहीतर प्रेमवीर. खानदेशाच्या वेशीवर राहिलेला रॉबर्ट गिल (१८०४–१८७९) याचे असेच झाले.

गिल मद्रास सैन्यातला अधिकारी. जेम्स फर्ग्युसनने १८४३ मध्ये लंडनच्या रॉयल एशियाटिक सोसायटीपुढे लेण्यांवर निबंध वाचला. अजिंठ्याची भित्तिचित्रे नष्ट होण्याआधी त्यांच्या प्रती करून घ्याव्यात, असे त्यानंतर कंपनीच्या संचालकांनी ठरवले आणि १८४४ मध्ये ते काम गिलकडे सोपवले. लेणी वाघोरा नदीच्या खोऱ्यात, फर्दापूरजवळ. गिलचा मुक्काम घाटावरच्या अजिंठा गावात, निजामाच्या बारादरीत. मुलूख निजामाचा, नोकरी कंपनीची, आणि भोवतालची बोली मराठी-उर्दू-अहिराणीच्या सीमेवरची. काही महिन्यांची वाटावी अशी ही कामगिरी त्याला आयुष्यभर पुरली.

एवढ्या मुदतीत माणूस प्रवासी राहत नाही. अंधाऱ्या, ओलसर लेण्यांत मोठमोठ्या कॅनव्हासवर तैलरंगांनी काम करायचे, तर रोजचे पाणी, सरपण, दाणागोटा, कामाची माणसे हे सारे आसपासच्या गावांतूनच येणार. कंपनीचा पत्रव्यवहार कॅनव्हासची आणि खर्चाची नोंद ठेवतो. घर ज्यांनी चालवले, त्यांची नोंद ठेवणे हे त्याचे कामच नव्हते.

अपवाद एका दगडाचा. अजिंठा गावातील पारोच्या थडग्यावर गिलने इंग्रजीत तिचे नाव, ती आपल्याला प्रिय असल्याची कबुली आणि २३ मे १८५६ ही मृत्यूची तारीख कोरवली. वडिलांचे नाव नाही, गाव नाही, वय नाही. गिलची चर्चमध्ये लग्न लागलेली पत्नी फ्रान्सेस होती, मुले होती. अठराव्या शतकातले कंपनीचे अधिकारी मृत्युपत्रात आपल्या हिंदुस्थानी ‘बीबी’चा उल्लेख करीत, एकोणिसाव्या शतकाच्या मध्याला असे संबंध लपवण्याजोगे मानले जाऊ लागले होते. अशा काळात हा उल्लेख उघड्या दगडावर करणे ही साधी गोष्ट नव्हे. त्याचबरोबर ज्या भाषेत तो केला, ती गावातल्या फारच थोड्यांना वाचता येणारी होती, हेही विसरून चालणार नाही.

या रिकाम्या जागेत साहित्य शिरले. ना. धों. महानोर हे याच परिसरातले, पळसखेडचे. त्यांच्या ‘अजिंठा’ या दीर्घकाव्याने पारोला मराठी मनात घर दिले. २०१२ मध्ये नितीन चंद्रकांत देसाई यांनी त्यावर चित्रपट काढला. कवीचा हा अधिकार निर्विवाद आहे. अडचण आपल्या वर्गात येते. विद्यार्थी काव्यातली पारो हीच इतिहासातली पारो समजून उत्तरे लिहितात आणि दगडावर जे आहे तेवढ्यावर थांबण्याची शिस्त सुटते. प्रेमकथा झाली की संसार नाहीसा होतो, आणि संसाराबरोबर त्यातले श्रम, त्यातली विषमता, पत्नी फ्रान्सेसचे स्थान हे प्रश्नही नाहीसे होतात. पारोला नायिका करताना आपण तिला दुसऱ्यांदा अनाम तर करीत नाही ना, असे विचारायला हवे.

गिलच्या बहुतेक प्रती १८६६ मध्ये लंडनजवळच्या सिडनहॅम येथे क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्याने काढलेली छायाचित्रे १८६४ मध्येच फर्ग्युसनच्या मजकुरासह ग्रंथरूपाने आली होती, ती उरली. तो मात्र मायदेशी परतला नाही. १८७९ मध्ये वारला आणि भुसावळच्या युरोपियन दफनभूमीत पुरला गेला. पारो घाटावर, गिल घाटाखाली खानदेशात. जळगाव-भुसावळच्या महाविद्यालयांतून हे काव्य शिकवणाऱ्यांना दोन्ही ठिकाणे एका दिवसात पाहता येतात. विद्यार्थ्यांना तिथे न्यावे, आधी दगड वाचायला लावावा आणि मग कविता.