आकड्यांची हद्द आणि पितळेची पुंगळी

१/ १८५७ म्हटले की काडतूस आठवते. ते काडतूस कागदाचे होते. ते दातांनी फाडायचे, दारू नळीत ओतायची आणि मग गोळी ठासायची. ज्या एनफिल्ड रायफलीसाठी ते बनले, तिच्या नळीचा व्यास .५७७ इंच होता. पुढे काडतूस पितळेचे झाले, आणि हिंदुस्थानात कोणी कोणती बंदूक बाळगावी हे त्या पितळेच्या व्यासावरून ठरू लागले. आजच्या भारतीय शस्त्र कायद्यातही त्या काळाचा ठसा शिल्लक आहे. ही त्या पितळेची आणि त्यावर कोरलेल्या आकड्यांची कथा. (थ्रेड)

२/ प्रथम काडतुसाची रचना. दारू धरून ठेवणारे पितळेचे नळकांडे म्हणजे पुंगळी. तिच्या बुडाशी ठिणगी पाडणारी टोपी असते आणि तोंडात गोळी बसवलेली असते. पुष्कळ पुंगळ्या बाटलीसारख्या असतात: अंग जाड, खांदा उतरता आणि मान अरुंद. बार उडताच पितळ फुगून नळीच्या मागच्या कप्प्याला घट्ट चिकटते, त्यामुळे वायू मागे फुटत नाही. दाब ओसरला की ते किंचित आक्रसते आणि पुंगळी बाहेर ओढता येते.

३/ हे काम पितळच उत्तम करते. साधारण ७० भाग तांबे आणि ३० भाग जस्त असलेले पितळ थंड असतानाच साच्यांतून ओढून वाटीची नळी करता येते आणि नळीची मान आवळता येते. मात्र प्रत्येक ओढीबरोबर ते कठीण होत जाते. मग त्याला ताव देऊन पुन्हा नरम करावे लागते. पुण्याच्या तांबट आळीतील कारागीर तांब्याचे भांडे घडवताना हेच करतात. थोडक्यात, पुंगळीचा आकार कायमचा नसतो. योग्य साचा आणि योग्य ताव मिळाला की एका मापाची पुंगळी दुसऱ्या मापाची होऊ शकते.

४/ १८६६ पासून ब्रिटिशांनी जुन्या एनफिल्ड रायफलींचा मागचा भाग कापून तेथे बिजागरीची झडप बसवली. जेकब स्नायडर याच्या आराखड्यानुसार झालेली ही स्नायडर रायफल. तिचे काडतूस वुलिच येथील रॉयल लॅबोरेटरीचे प्रमुख एडवर्ड बॉक्सर यांनी तयार केले. पितळेचा पातळ पत्रा गुंडाळून त्याची पुंगळी केलेली असे. नळी जुनीच असल्याने व्यासही तोच राहिला, .५७७.

५/ १८७१ मध्ये मार्टिनी-हेन्री रायफल आली. तिची गोळी बारीक होती, .४५० इंचाची, पण दारू ८५ ग्रेन. एवढी दारू बारीक सरळ पुंगळीत भरायची तर काडतूस फार लांब आणि नाजूक होई. यावर तोडगा निघाला तो असा: अंग स्नायडरच्या जाडीचे ठेवायचे आणि मान आवळून .४५० वर आणायची. म्हणून या काडतुसाचे नाव पडले .५७७/४५०. पहिला आकडा कुळाचा, दुसरा गोळीचा. १८५७ च्या रायफलीचा आकडा असा नव्या रायफलीच्या नावात टिकून राहिला.

६/ गुंडाळलेल्या पत्र्याची पुंगळी मात्र युद्धात कच्ची ठरली. जानेवारी १८८५ मध्ये सुदानातील अबू क्ली येथे ऐन लढाईत ब्रिटिश सैनिकांच्या रायफलींत पुंगळ्या अडकल्या. त्याच वर्षी सलग ओढलेल्या पितळेची पुंगळी स्वीकारण्यात आली. सैन्यासाठी हा लाभ होता. पण सलग पुंगळी अधिक मजबूत असते. एकदा उडवल्यावर तिची टोपी बदलून, नवी दारू आणि गोळी घालून ती पुन्हा वापरता येते. म्हणजेच रणांगणावर पडलेली रिकामी पुंगळी आता निव्वळ कचरा राहिली नव्हती.

७/ इकडे हिंदुस्थानात १८५७ नंतर राज्यकर्त्यांचे धोरण स्पष्ट होते. देशी पलटणींच्या हाती गोऱ्या पलटणींपेक्षा एक पिढी जुने शस्त्र द्यायचे. गोऱ्यांकडे मार्टिनी आली तेव्हा देशी शिपायाकडे स्नायडर होती. १८९७-९८ च्या तिराह मोहिमेत गोऱ्यांकडे .३०३ ची ली-मेटफर्ड होती आणि देशी शिपायाकडे मार्टिनी. सामान्य प्रजेसाठी लॉर्ड लिटनच्या काळातील १८७८ चा शस्त्र कायदा होता. प्रजेला परवान्याची सक्ती आणि युरोपियनांना सूट, हा त्याचा पक्षपात राष्ट्रीय सभेच्या तक्रारींत वारंवार उमटत राहिला.

८/ वायव्य सरहद्दीवर हे धोरण फसले. मार्टिनी-हेन्री रायफली मस्कतमार्गे अफगाणिस्तानात आणि तेथून पठाण टोळ्यांकडे पोहोचत होत्या. १९०९ नंतर ब्रिटिश नौदलाला इराणी आखातात या व्यापाराविरुद्ध गस्त घालावी लागली. कोहाट खिंडीतील आफ्रिदी कारागीर तर कानशी आणि भात्याच्या बळावर हुबेहूब मार्टिनी घडवत होते. मात्र रायफल घडवली तरी ती खाणार काय? टोपी, गोळी आणि पुंगळी यांचा पुरवठा हीच त्या शस्त्राची दुखरी नस होती.

९/ याच सुमारास शिकारीच्या जगात एक नवे काडतूस अवतरले. १८९८ मध्ये लंडनच्या जॉन रिग्बी या बंदूककारांनी .४५० नायट्रो एक्स्प्रेस आणले. वाघ, गवा, हत्ती अशा मोठ्या शिकारीसाठी ते साहेब लोकांना आणि संस्थानिकांना प्रिय झाले. त्याची गोळी ४८० ग्रेनची होती. मार्टिनी-हेन्रीची गोळीही ४८० ग्रेनचीच. शिकारीचे लांबलचक काडतूस अखंड मार्टिनीत बसणारे नव्हते. पण ते मोडून त्याची सामग्री मार्टिनीच्या पुंगळीत भरली तर? सरकारच्या मनात हीच शंका होती.

१०/ विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात हिंदुस्थान आणि सुदान येथे .४५० व्यासाच्या खासगी रायफली व काडतुसे आणण्यावर बंदी आली. लंडनच्या बंदूककारांनी न्यायालयात दाद मागण्याऐवजी पितळेला नवा आकार दिला. हॉलंड अँड हॉलंडने १९०७ मध्ये .५०० ची पुंगळी घेऊन तिची मान .४६५ वर आवळली आणि नाव दिले .५००/४६५. जोसेफ लँग यांचे .४७० त्याच काळातले. .४७५ आणि .४७६ हीही त्याच मालिकेतील. .४५० आणि .४६५ यांत कागदोपत्री अंतर ०.४ मिलिमीटरहून कमी. एवढ्या अंतरावर एका बाजूला संशयास्पद माल होता आणि दुसऱ्या बाजूला राजमान्य शिकार.

११/ हाच न्याय .३०३ लाही लागू झाला. लष्कराचे काडतूस खासगी हातांत नको, हे तत्त्व. मग खासगी रायफलीने कोणते काडतूस वापरायचे? उत्तर थेट ऑस्ट्रिया-हंगेरीतून आले. तेथील मॅनलिखर रायफलीचे १८८८ चे ८ मिलिमीटर व्यासाचे, ५० मिलिमीटर लांब पुंगळीचे काडतूस हिंदुस्थानात .३१५ या इंची नावाने रुजले. बर्मिंगहॅमच्या बीएसए कंपनीने ली-एनफिल्डच्याच यंत्रणेवर .३१५ ची शिकारी रायफल बनवली. रायफलीची यंत्रणा लष्करी, पण आकडा नागरी. कायद्याला आकडा पुरेसा होता.

१२/ साम्राज्याच्या दुसऱ्या टोकाला, ऑस्ट्रेलियातील न्यू साउथ वेल्समध्येही लष्करी व्यासाच्या रायफलींवर निर्बंध होते. तेथे लोकांनी .३०३ च्याच पुंगळीची मान आवळून तीत .२५ ची बारीक गोळी बसवली आणि जुन्या रायफलींना नव्या नळ्या लावल्या. हे .३०३/२५ काडतूस १९४० च्या दशकात कांगारू आणि कोल्ह्यांच्या शिकारीत लोकप्रिय झाले. निषिद्ध काडतुसाचेच पितळ, मान आवळताच वैध ठरले.

१३/ मात्र मान आवळणे फुकट होत नाही. थंड पितळ आवळले की त्याच्या आत ताण साठतो. या ताणाचा धडा हिंदुस्थानातच मिळाला होता. पावसाळ्यात ब्रिटिश सैन्याची काडतुसे तबेल्यांत ठेवली जात, आणि पावसाळा सरता सरता पुष्कळ पुंगळ्यांना गोळीभोवतीच, म्हणजे जेथे पितळ आवळलेले असे तेथेच, तडे गेलेले आढळत. ऋतूशी नाते दिसल्यामुळे या दोषाचे इंग्रजी नावही ऋतूवरूनच पडले. कारणाचा उलगडा १९२१ मध्ये झाला. घोड्यांच्या मूत्रातून निघणारा अमोनिया, दमट हवा आणि पितळेत दबलेला ताण ही तिन्ही एकत्र आली की धातू तडकतो. उपाय सोपा होता: आवळलेल्या भागाला ताव देऊन ताण मोकळा करणे. अनेक लष्करी पुंगळ्यांच्या मानेवर दिसणारी काळपट-निळसर छटा ही त्या तावाची खूण असते.

१४/ १९४७ नंतर झेंडा बदलला, आकड्यांची हद्द मात्र राहिली. १९५९ च्या शस्त्र कायद्याने १८७८ चा वर्णभेदी कायदा मोडीत काढला, पण लष्करी व्यासांचे ‘प्रतिबंधित बोअर’ आणि इतर व्यासांचे ‘अप्रतिबंधित बोअर’ ही विभागणी भारतात चालू राहिली. .३०३ प्रतिबंधित, .३१५ अप्रतिबंधित. पश्चिम बंगालमधील ईशापूरचा सरकारी कारखाना .३१५ च्या रायफली बनवू लागला. पुण्याजवळचा खडकीचा दारूगोळा कारखाना १८६९ चा, म्हणजे स्नायडरच्या काळातला. त्याची ‘केएफ’ ही अक्षरे .३०३ च्या पुंगळीच्या बुडावर असत, तशीच ती .३१५ च्या पुंगळीवरही उमटली.

१५/ पुढे एक विपरीत गोष्ट घडली. उत्तर प्रदेश आणि बिहारमधील गावठी कट्टे बनवणाऱ्यांनी हेच परवान्यावर मिळणारे .३१५ चे काडतूस उचलले. त्या भागातील खुनांच्या खटल्यांत, न्यायालयांच्या निकालपत्रांत, घटनास्थळी सापडलेल्या रिकाम्या पुंगळीचे वर्णन वारंवार येते: बुडावर ‘८ एमएम केएफ’. ८ मिलिमीटर हे व्हिएन्नाच्या सम्राटाच्या सैन्याचे माप, केएफ म्हणजे किरकी फॅक्टरी, आपली खडकी. बंडाच्या भयाने आखलेल्या हद्दीच्या वैध बाजूचे काडतूस अवैध शस्त्राचे हमखास खाद्य झाले.

१६/ सरहद्दीवरील टोळ्यांच्या हाती दारूगोळा पडू नये म्हणून एका आकड्यावर बंदी आली. त्या बंदीतून .४६५ आणि .४७० जन्मले, तशाच विचारातून .३१५ रुजले, आणि राज्य बदलल्यावरही विभागणी तशीच राहिली. कायद्याने व्यास मोजला, कारण व्यास मोजणे सोपे असते. शस्त्र कोणाच्या हाती आहे आणि कशासाठी, हे मोजणे अवघड असते. संग्रहालयात एखादी जुनी पुंगळी दिसली, तर तिचे बूड अवश्य वाचावे. तेथील दोन-चार अक्षरांत आणि आकड्यांत एखाद्या सत्तेला नेमके कोणाचे भय वाटत होते, हे बहुधा कोरलेले असते.