मार्सेलिसची उडी आणि हेगचा निवाडा

संगमनेरच्या आमच्या शाळेत सावरकरांची उडी शिकवू लागलो की एखादे पोर हमखास विचारते, "गुरुजी, फ्रान्सच्या शिपायाने इंग्रजांना माणूस दिलाच कसा?" धड्यात उडी असते, तिच्यावरचा खटला नसतो.

मूळ प्रकरण आमच्या शेजारच्या नाशकातले. २१ डिसेंबर १९०९ च्या रात्री 'शारदा' नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळ्या घातल्या. पिस्तुले लंडनहून सावरकरांनी धाडली, असा सरकारचा आरोप. १३ मार्च १९१० रोजी त्यांना लंडनला पकडले आणि 'मोरिया' बोटीने इकडे आणू लागले. ८ जुलैला सकाळी मार्सेलिस बंदरात त्यांनी बोटीच्या गवाक्षातून उडी टाकली, पोहत धक्का गाठला आणि ते धावत सुटले. पाय फ्रान्सच्या भूमीवर, म्हणजे इंग्रजांचा हुकूम तिथे संपला! पण एका फ्रेंच हवालदाराने त्यांना धरले आणि कोणत्याही न्यायाधीशापुढे न नेता परत बोटीवर पोचवले.

फ्रान्सने माणूस परत मागितला. ऑक्टोबरात प्रकरण हेगच्या लवादाकडे सोपवायचे ठरले. बेल्जियमचे बेर्नार्ट अध्यक्ष, फ्रान्सचे रेनो एक पंच. दोघेही शांततेच्या नोबेल पारितोषिकाचे मानकरी. फिर्याद दोन सरकारांची. ज्याच्या जिवाचा प्रश्न, तो मात्र पक्षकारच नव्हे!

इकडे मुंबईला थांबायला सवड कुठली? अटकच बेकायदा, ही हरकत न्यायाधीशांनी मानली नाही. आरोपी समोर उभा आहे, तो कसा आला ते आम्ही पाहणार नाही, असा एकूण सूर. डिसेंबर १९१० मध्ये एक जन्मठेप झाली, जानेवारीत दुसरी.

२४ फेब्रुवारी १९११ ला हेगचा निवाडा आला. पकडून हवाली करण्यात गैररीत झाली, हे पंचांनी कबूल केले. परंतु इंग्रजांनी बळ वा कपट वापरले नाही. परक्या शिपायाच्या चुकीपायी कैदी परत देण्याचे बंधन नाही. मार्सेलिसच्या पोलिसांना आधीच सूचना होती व मदतीचे हुकूमही होते, हे खरे. तरी चूक मान्य, फळ मात्र आमचेच, हा न्याय माझ्या गळी उतरत नाही.

पुराव्याबाबतही हाच पेच पडतो. १९७२ मध्ये मलकानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने चोरून ध्वनिमुद्रित केलेले टेलिफोनवरचे बोलणे ग्राह्य धरले. उलट २००५ साली मेथॅनेक्स कंपनी विरुद्ध अमेरिका या लवादात पंचांनी, दुसऱ्याच्या आवारात घुसून कचऱ्यातून उचललेले कागद बाजूला सारले.

सावरकर ४ जुलै १९११ रोजी अंदमानात उतरले.