कुलूप कोणासाठी, खिडकी कोणासाठी?

'सुरक्षा' हा एकच शब्द आपण दोन निरनिराळ्या भयांसाठी वापरतो. बाटलीतील आम्ल विद्यार्थ्याच्या डोळ्यात उडू नये, हे एक भय. तीच बाटली कोणी दुष्ट हेतूने बाहेर नेऊ नये, हे दुसरे. पहिल्यात माणसाला रसायनापासून जपायचे असते, दुसऱ्यात रसायनाला माणसापासून. आपल्या शिक्षणाच्या इतिहासात दुसऱ्या भयाला कायद्याची भाषा लवकर लाभली. पहिले दीर्घकाळ शिक्षकांच्या तोंडी सूचनांवर सोपवलेले राहिले, असे आम्हांस वाटते.

या इतिहासाचा एक धागा नगर जिल्ह्यातील पारनेरला पोहोचतो. 1880 साली तेथे जन्मलेले पांडुरंग महादेव बापट, म्हणजे पुढे मुळशी सत्याग्रहाने 'सेनापती' झालेले बापट, शिष्यवृत्तीवर अभियांत्रिकी शिकण्यासाठी एडिंबरोला गेले आणि पॅरिसमध्ये एका रशियन क्रांतिकारकाकडून बाँबची विद्या शिकून 1908 साली परतले. त्याच वर्षी 30 एप्रिलला मुझफ्फरपूरचा स्फोट झाला आणि 8 जूनला स्फोटक पदार्थांचा कायदा आला. त्यातील व्याख्येत स्फोटके बनविण्याचे साहित्यही मोडत होते. परिस्थिती संशयास्पद असेल, तर आपला हेतू वैध असल्याचे दाखविण्याचा भार ते बाळगणाऱ्यावर होता. लोकमान्य टिळकांच्या घरझडतीत स्फोटकांवरील दोन ग्रंथांची नावे लिहिलेले एक कार्ड सापडले व ते खटल्यात पुराव्यादाखल मांडले गेले. या कायद्यातील व्याख्येवर टीका करण्यासाठी ते ग्रंथ हवे होते, हे टिळकांचे स्पष्टीकरण. रसायनच नव्हे, रसायनाविषयीचे वाचनही संशयास्पद ठरू शकते, हे त्या कार्डाने दाखविले.

स्वातंत्र्याच्या वर्षी डॉ. भा. पां. हिवाळे यांनी अहमदनगर महाविद्यालय स्थापन केले. 1961 साली संगमनेरला महाविद्यालय निघाले. खेड्यापाड्यांतील मुले प्रथमच परीक्षानळी हाती घेऊ लागली. त्या पिढ्यांच्या गुणात्मक विश्लेषणात दुसऱ्या गटाचे धातू ओळखण्यासाठी हायड्रोजन सल्फाइड वापरण्याची रीत सर्वत्र होती. हा वायू विषारी आहेच. शिवाय प्रमाण वाढले की तो नाकाची वास घेण्याची शक्तीच बधिर करतो. वास येईनासा झाला म्हणजे धोका टळला, असे समजणारा विद्यार्थी नेमका धोक्यात असतो. पिपेट तोंडाने ओढण्याची सवयही अशीच. या दोहोंत कोणाचा दुष्ट हेतू नसतो. म्हणून संशयावर उभा राहिलेला कायदा येथे निरुपयोगी.

आम्लहल्ल्यांच्या प्रश्नावर 18 जुलै 2013 रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला. शिक्षणसंस्थांनी आम्लाच्या वापराची नोंदवही ठेवावी, ती उपविभागीय दंडाधिकाऱ्यांकडे सादर करावी, साठ्याची जबाबदारी एका व्यक्तीवर सोपवावी आणि प्रयोगशाळेतून बाहेर पडणाऱ्यांची तपासणी करावी, असे त्यात आहे. या आदेशामागे हल्ला सोसलेल्या एका स्त्रीची याचिका होती. 1908 च्या कायद्याला राज्यसत्तेची चिंता होती, या आदेशाला माणसाच्या चेहऱ्याची. हा फरक थोर आहे. तरीही दाराशी होणारी तपासणी विद्यार्थी बाहेर काय नेतो एवढेच पाहते. त्याने आत तीन तास श्वासातून काय घेतले, हे कोणत्याही नोंदवहीत उतरत नाही.

कपाटाला कुलूप हवेच. परंतु वायू ओढून घेणारे कपाट चालू आहे काय, डोळ्यांवर चष्मा आहे काय, खिडकी उघडते काय, हे प्रश्नही त्याच गांभीर्याने विचारले गेले पाहिजेत. कुलूप विद्यार्थ्यावर संशय घेते, खिडकी त्याची काळजी वाहते. ज्या संस्थेला पहिलेच तेवढे जमते, तिने साठा राखला. विद्यार्थी राखला, असे आम्ही म्हणणार नाही.