जीपच्या सांगाड्यावरील नवी गाडी

दुसरें महायुद्ध संपलें आणि रणांगणावरच्या जीपगाड्या शेतकऱ्यांच्या दारीं आल्या. रोव्हर कारखान्याचे प्रमुख यंत्रविशारद मॉरिस विल्क्स यांच्या वेल्समधील अँगलसी बेटावरील शेतावरहि अशी एक जीप होती. चारी चाकांना इंजिनाचें बळ मिळत असल्यानें ती चिखल तुडवीत जाई. पण ती झिजत चालली आणि तिच्या तोडीची ब्रिटिश गाडी तर कोठेंच नव्हती. तेव्हां १९४७ सालीं जीपच्याच सांगाड्यावर रोव्हरचें इंजिन चढवून पहिला नमुना सिद्ध झाला. पोलादाच्या टंचाईमुळें बाह्यांग ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचें झालें. तें लोखंडासारखें गंजत नाहीं, हा लाभ अनायासें पदरांत पडला. १९४८ च्या एप्रिलांत ॲमस्टरडॅमच्या प्रदर्शनांत 'लँड रोव्हर' अवतरली. तात्पुरती सोय म्हणून जन्मलेल्या या गाडीचा वंश सॉलिहल येथें २०१६ पर्यंत घडत राहिला. जुन्या गाडीला भंगार न मानतां तिच्यावरच नवी रचना उभारली, त्याचें हें फळ होय.