युद्धकालीन प्रेमपट : सातारा–सांगली

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात सत्तेच्या धाकाखाली जगलेल्या स्त्री-पुरुषांच्या प्रेमावरचे चित्रपट, आणि सातारा–सांगली भागात त्यांचा आधार ठरू शकणारे वास्तव, हा इथला विषय. फॅसिस्ट राजवटीतल्या प्रेमाचे उत्तम चित्रपट इटलीने दिले. व्हित्तोरिओ दे सिकाचा ‘द गार्डन ऑफ द फिन्झी-कॉन्टिनिस’ (१९७०) आणि एत्तोरे स्कोलाचा ‘अ स्पेशल डे’ (१९७७) ही त्यांतली ठळक नावे. सातारा भागात फॅसिस्ट राजवट नव्हती; इथे राज्य होते फॅसिझमशी लढणाऱ्या ब्रिटिशांचे. पण त्याच सरकारच्या पोलिसांनी ९ सप्टेंबर १९४२ रोजी ‘चले जाव’ चळवळीतल्या वडूजच्या आणि दुसऱ्या दिवशी इस्लामपूरच्या मोर्चावर गोळ्या झाडल्या. मराठा पलटणींतले जवान पुढे इटलीत मुसोलिनी-हिटलरच्या फौजांशी लढले. त्याच वर्षांत साताऱ्यातली त्यांच्या वयाची, चळवळीतली पोरे पोलिसांपासून उसाच्या फडात लपून दिवस काढत होती.

सांगली हा जिल्हा तेव्हा नव्हता. तासगाव, वाळवे हे तालुके साताऱ्यात होते, सांगली-मिरज संस्थानी मुलूख होता आणि कुंडल औंध संस्थानात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा जिल्हा झाला, १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले.

इथल्या युद्धकालीन प्रेमकथांत सर्वांत हृद्य कथा यशवंतराव आणि वेणूताई चव्हाणांची आहे. यशवंतरावांचा जन्म देवराष्ट्र्याचा, कर्मभूमी कराड; वेणूताई फलटणच्या मोऱ्यांची लेक. २ जून १९४२ रोजी कराडात लग्न झाले आणि दोन महिने होतात न होतात तोच ‘चले जाव’ची हाक आली. यशवंतराव भूमिगत झाले. नवी सून सासरी, नवरा कुठल्या गावात आहे ते कुणी सांगायचे नाही, विचारायचेही नाही. जानेवारी १९४३ ची संक्रांत ही लग्नानंतरची पहिली, म्हणजे नव्या सुनेच्या कौतुकाची. त्याच सणाला पोलिसांनी वेणूताईंना अटक केली. नवरा हाती लागत नाही म्हणून बायकोला धरायचे, एवढा साधा आणि क्रूर हिशेब. तुरुंगातून सुटल्या तेव्हा त्यांची प्रकृती पार ढासळली होती. त्या माहेरी फलटणला गेल्या. आजारी पत्नीला पाहायला यशवंतराव गुपचूप फलटणला आले आणि तिथेच मे १९४३ मध्ये पकडले गेले. नऊ-दहा महिने पोलिसांना गुंगारा देणारा माणूस बायकोच्या उशाशी बसायला आला म्हणून सापडला. ‘कृष्णाकाठ’ या आत्मचरित्रात त्यांनी हे दिवस सांगितले आहेत. वेणूताई १ जून १९८३ रोजी गेल्या, लग्नाच्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी. यशवंतराव पुढच्याच वर्षी नोव्हेंबरात.

क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारने, म्हणजे ब्रिटिशांना समांतर उभ्या केलेल्या सरकारने (१९४३–४६), लग्नालाच चळवळीचा भाग केले. हुंडा नाही, मानपान नाही, थोडक्या खर्चात गावासमोर हार घालायचे. याला गांधी विवाह म्हणत. प्रतिसरकारच्या तुफान सेनेचे जी. डी. बापू लाड आणि विजयाताई यांचे कुंडलमधले लग्न याच रीतीचे. नाना पाटलांची कन्या हौसाताई यांचा १९४३ चा प्रसंग तर पटकथेतच शोभावा असा आहे. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर नवरा बायकोला मारतो आहे असे खोटे भांडण रचले गेले; त्यातली बायको म्हणजे हौसाताई. पोलीस सोडवायला बाहेर धावले आणि साथीदारांनी आत शिरून बंदुका पळवल्या. बायकोला मार खाताना पाहणे किती नेहमीचे होते, हेही त्या बनावातून कळते.

पडद्यावर यातले थोडेच उतरले. बेचाळीसच्या चळवळीवरचा ‘वंदे मातरम्’ १९४८ चा. दिग्दर्शक राम गबाले, संगीत सुधीर फडके. कथा-गीते ग. दि. माडगूळकरांची. ते शेटफळ्याला जन्मलेले, औंधात शिकलेले, म्हणजे याच मातीतले. मुख्य भूमिकांत पु. ल. आणि सुनीता देशपांडे होते. १९४६ मध्ये लग्न केलेले हे जोडपे, त्यांतल्या सुनीताबाई स्वतः बेचाळीसच्या लढ्यात उतरलेल्या. त्याआधी १९४६ मध्ये व्ही. शांताराम यांनी ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ काढला. सोलापूरचे द्वारकानाथ कोटणीस, जपानी आक्रमणाखालचा चीन आणि परिचारिका क्वो चिंगलान यांची ती कथा, म्हणजे या भागाबाहेरची. युद्ध आणि प्रेम यांचा मराठी माणसाने केलेला हा सर्वांत थेट चित्रपट. जब्बार पटेलांच्या ‘यशवंतराव चव्हाण : बखर एका वादळाची’ (२०१४) मध्ये अशोक लोखंडे यशवंतराव आणि लुबना सलीम वेणूताई झाल्या आहेत. चरित्रपटाचा पल्ला देवराष्ट्र्यापासून दिल्लीपर्यंतचा, त्यात फलटणच्या त्या दिवसांना थोडीच जागा मिळू शकते.

स्कोलाने हिटलरच्या रोमभेटीचा एकच दिवस घेतला. मिरवणूक बाहेर चालू ठेवली, तिचा आवाज रेडिओवरून आत येऊ दिला आणि कॅमेरा एका चाळवजा इमारतीतल्या दोन माणसांपाशी थांबवला. फलटणच्या घरातली ती भेट अशाच हातांनी चित्रित व्हायला हवी: आजारी वेणूताई, दाराशी कान लावून बसलेले घर आणि रस्त्यावर वाजणारी पावले.